पेनल्टी हुकवणाऱ्यांची यादी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही. काढला की चहा गार होतो आणि समोरचा उठून जातो.

प्रश्न नेहमी एकच. सलूनमध्ये मान खाली घालून बसलेलो असताना, लग्नात अक्षता पडायची वाट बघताना, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हाफटाइमला: "फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात भारी प्लेमेकर कोण?" मी कोल्हापूरचा. आमच्याकडे वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे आणि फलक लागतात. त्यामुळं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, मी कुठल्या गटातला एवढंच हवं असतं. मी म्हणतो, ब्राझीलचा झिको. विचारणारा माझ्या वयाचा असेल तर मान डोलावतो. पोरसवदा असेल तर मोबाइल काढतो आणि अर्ध्या मिनिटात म्हणतो, "पेनल्टी घालवलेला तोच का हो?"

हो, तोच.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो, म्हणजे भांडण कमी होईल. मॅराडोना आणि मेस्सी मी या यादीत धरत नाही. ते मोठे आहेत, फार मोठे आहेत, पण त्यांना वाटलं तर ते अख्खा सामना एकट्यानं खाऊ शकत होते. प्लेमेकर हा पंगतीतला चांगला वाढपी असतो. तुम्ही मान वर करायच्या आत आमटीचं भांडं घेऊन तो तुमच्या पानासमोर उभा. कुणाचं पान कधी रिकामं होणार हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. आता 1986 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये, सामना संपायला सहा-सात मिनिटं असताना, जर्मनांच्या गराड्यातून मॅराडोनानं बुरुचागाला जो पास दिला तो बघून माझी व्याख्या डळमळते, हे मान्य. पण व्याख्या माझी आहे, ती मी एवढ्यातेवढ्यानं सोडत नाही.

झिको मी पहिल्यांदा बघितला त्याच वर्ल्ड कपमध्ये. 21 जून 1986, शनिवार. मेक्सिकोत ग्वादालाहारा इथं भर दुपारी बारा वाजता ब्राझील आणि फ्रान्सची क्वार्टर फायनल, म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. मी सहावीत. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, मालकांच्या माडीवर, आणि त्या रात्री तिथं चपला ठेवायला जागा नव्हती. बाबा ब्राझीलवाले. कारेकानं गोल केला, प्लातिनीनं बरोबरी केली (त्या दिवशी त्याचा एकतिसावा वाढदिवस होता, हे मला पुढं कळलं), आणि दुसऱ्या हाफमध्ये एक बारकेला माणूस बदली म्हणून मैदानात आला. माडीवर एकदम गलका झाला, "झिको आला, झिको आला!" मला वाटलं, आता काहीतरी होणार. झालंही. आल्या आल्या ब्राझीलला पेनल्टी मिळाली, ती मारायला तोच पुढं आला, आणि फ्रेंच गोलकीपर बॅट्सनं ती अडवली.

बाबा काही बोलले नाहीत. उठून कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायले. सामना टायब्रेकरमध्ये गेला, तिथं झिकोनं स्वतःची पेनल्टी बरोबर मारली, पण तोवर कुणाला त्याचं काय. ब्राझील हरलं. पहाटे अडीचला घरी जाताना जिन्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, झिकोनं घालवली. मीही पुढं कितीतरी वर्षं तेच म्हणत होतो.

मग कधीतरी, इंटरनेट घरोघर आल्यावर, तो सामना पुन्हा बघायला मिळाला. आणि माझ्या लक्षात आलं की पेनल्टीच्या आधी काय झालं होतं हे मला अजिबातच आठवत नव्हतं. झिको येतो. अंगावर अजून घाम नाही. वर्षभरापूर्वी रिओच्या लीगमध्ये एका बचावपटूनं त्याच्या गुडघ्यावर घातलेली लाथ त्याला अजून पुरती सोडून गेलेली नाही. तेहतीस वर्षांचा आहे, पूर्ण सामना खेळायच्या अवस्थेत नाही म्हणून बाकावर बसलेला. त्याच्याकडं चेंडू येतो आणि तो फ्रेंच बचावाच्या पोटातून एक पास काढतो, डावीकडून आत घुसणाऱ्या ब्रँकोसाठी. फ्रान्सची ती फळी सामनाभर ब्राझीलनं ठोठावली होती, आणि याला मैदानात येऊन धड दोन-तीन मिनिटंही झाली नव्हती. ब्रँको एकटा बॅट्सच्या समोर. बॅट्सला त्याला पाडण्याखेरीज दुसरा मार्ग राहत नाही. म्हणजे जी पेनल्टी झिकोनं घालवली ती त्यानंच कमावलेली होती. पास अजून कुणाला आठवत नाही. पेनल्टी जगाला पाठ आहे.

तेव्हापासून मी या खेळाडूंकडं उलटं बघायला लागलो. गोल झाला की मागं जायचं. गोल कुणी मारला ते बाजूला ठेवायचं, त्याच्या आधीच्या पासकडं बघायचं, आणि जमलं तर पास देणाऱ्यानं चेंडू पायात यायच्या आधी मान कुठं फिरवली होती तेही.

असं बघायचं तर 5 जुलै 1982 च्या वर्ल्ड कप सामन्याला पर्याय नाही. बार्सिलोनातलं सारिया मैदान, आता ते पाडलंय. इटलीविरुद्ध ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती आणि ते 3-2 हरले, पावलो रॉसीनं तीन मारले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातला ब्राझीलचा पहिला गोल बघा, बाराव्या मिनिटाचा. झिकोच्या पाठीला इटलीचा बचावपटू क्लॉडिओ जेंटिले चिकटलेला. नावाचा अर्थ सभ्य, पण त्या दिवशी त्यानं झिकोचा शर्ट अक्षरशः फाडला. ब्राझीलच्याच सॉक्रेटिसकडून चेंडू झिकोकडं येतो. झिको तो थांबवल्यासारखं करतो आणि त्याच हालचालीत स्वतःभोवती असा वळतो की जेंटिले एका बाजूला जातो आणि चेंडू दुसऱ्या बाजूला. इथपर्यंत बरेच जण करतात. पुढचं बघण्यासारखं आहे. वळून झाल्यावर त्याच्यासमोर थोडी मोकळी जागा आहे, स्वतः पळायचा मोह व्हावा एवढी. तो पळत नाही. उजवीकडून आत धावत सुटलेल्या सॉक्रेटिसच्या वाटेत तो चेंडू ठेवतो. 'मारतो' म्हणवत नाही, ठेवतोच. सॉक्रेटिस एवढा उंच, लांब टांगांचा माणूस, पण त्याला पाऊल आखडावं लागत नाही की लांबवावं लागत नाही. पळता पळता चेंडू पायात, आणि इटलीचा गोलकीपर झॉफच्या अंगाजवळून आत.

पासाचं वजन म्हणतात ते हे. घेणाऱ्याला आपण काही घेतलंय असं वाटताच कामा नये. मी चाळिशीपर्यंत पेठेच्या संघाच्या मधल्या फळीत खेळलो आणि एवढं एकच मला कधी जमलं नाही. माझा पास नेहमी अर्धं पाऊल मागं नाहीतर एक पाऊल पुढं. आमचा फॉरवर्ड त्यावरून मला जे बोलायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही.

झिकोच्या बाजूनं मी हुकमी पत्ता टाकतो तो 13 डिसेंबर 1981 चा. टोकियोत इंटरकॉन्टिनेंटल कपची फायनल, युरोपचं लिव्हरपूल विरुद्ध झिकोचं, रिओचं फ्लामेंगो. हाफटाइमलाच 3-0, आणि निकालही तोच. नुनेसनं दोन मारले, अदिलिओनं एक. झिकोचा एकही गोल नाही, पण तिन्ही गोल सुरू होतात त्याच्या पायातून. आणि सामन्याचा मानकरी झिको. अशा खेळाडूला असा मान क्वचित मिळतो, म्हणून हा सामना मी पुन्हा पुन्हा सांगतो.

आता बाकीचे. इथंच माझी यादी जरा विचित्र होते.

रॉबर्टो बॅजिओ घ्या. 1994 च्या वर्ल्ड कपची फायनल, पासाडेना, पेनल्टी बारवरून. त्याआधीच्या तीन बाद फेऱ्यांमध्ये त्यानं पाच गोल करून इटलीला तिथवर ओढत आणलं होतं. नायजेरियाविरुद्ध तर जादा वेळेत बचावाच्या डोक्यावरून बेनारिव्होला अलगद चेंडू दिला, त्याला पाडलं, पेनल्टी मिळाली आणि ती बॅजिओनं बरोबर मारली. झिकोचाच प्रसंग, फक्त शेवट सुखाचा. तो कुणाला आठवतो? प्लातिनी घ्या. 1984 च्या युरोमध्ये पाच सामन्यांत नऊ गोल करणारा हा प्लेमेकर त्या ग्वादालाहाराच्या टायब्रेकरमध्ये बारवरून मारून बसला. फ्रान्स जिंकलं म्हणून वाचला. आणि अर्जेंटिनाचा रिकेल्मे, तेव्हा व्हियारेआलकडून खेळणारा. एप्रिल 2006, चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, व्हियारेआल विरुद्ध आर्सेनल, सामना संपता संपता पेनल्टी. गोल झाला असता तर जादा वेळ मिळाला असता. आर्सेनलचा गोलकीपर लेहमननं अडवली.

पेनल्टी हुकवणाऱ्यांची यादी काढली की माझे आवडते प्लेमेकर आपोआप गोळा होतात. योगायोग असेल. मला मात्र वाटतं, संघ ज्याच्याकडं सगळं सोपवतो त्याच्याकडं शेवटी हेही येतं.

रिकेल्मेवर मी जरा जास्त बोलतो, माफ करा. अर्जेंटिनात त्याच्या जागेला 'एंगांचे' म्हणतात, म्हणजे आकडा, हूक. मधली फळी आणि पुढची फळी ज्याला अडकवलेल्या असतात तो. तो पळायचाच नाही. चेंडूवर बुटाचा तळवा ठेवायचा, अंग बचावपटू आणि चेंडूच्या मधे घालायचा, आणि बाकीच्यांचं पळून होईपर्यंत थांबायचा. 2000 साली कोपा लिबर्तादोरेसमध्ये रिव्हर प्लेटच्या येपेसकडं पाठ करून, रेषेजवळ, त्यानं तळव्यानं मागं ओढलेला चेंडू येपेसच्या दोन पायांमधून गेला. तो प्रसंग मी किती वेळा बघितलाय ते विचारू नका. 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये सर्बिया-माँटेनेग्रोविरुद्ध चोवीस-पंचवीस पासांनंतर झालेला कांबियासोचा गोल ज्या संथ लयीत जुळत गेला, ती लय याची.

आणि मग त्याच स्पर्धेत जर्मनीविरुद्धची क्वार्टर फायनल. अर्जेंटिना 1-0 नं पुढं. प्रशिक्षक पेकेरमननं 72 व्या मिनिटाला रिकेल्मेला बाहेर काढलं आणि त्याच कांबियासोला आत घातलं. आघाडी राखायची होती. आठ मिनिटांनी जर्मनीच्या क्लोजेनं बरोबरी केली आणि टायब्रेकरमध्ये अर्जेंटिना घरी. 1994 मध्ये इटलीचा प्रशिक्षक साकीनं हेच बॅजिओबरोबर केलं होतं; नॉर्वेविरुद्ध गोलकीपरला लाल कार्ड मिळालं आणि बदली गोलकीपरसाठी बॅजिओला बाहेर बोलावलं. तो सामना इटली जिंकलं, म्हणजे साकी चुकला असंही म्हणता येत नाही. पण संकट आलं की आधी दहा नंबरवाल्याला, म्हणजे प्लेमेकरला, उठवायचं, ही प्रशिक्षकांची जुनी खोड आहे. आमच्या पेठेतही हेच. पाऊस पडून मैदानाचा चिखल झाला की पहिला बाहेर कोण, तर पास देणारा. धावणारे आत.

डेन्मार्कच्या लाउड्रुपचं नाव घेतलं नाही तर माझा एक मित्र चिडतो, म्हणून घेतो. जानेवारी 1994 मध्ये बार्सिलोनानं रिआल माद्रिदला 5-0 हरवलं तेव्हा तो बार्सिलोनात होता, आणि बरोबर वर्षानं माद्रिदनं 5-0 नं परतफेड केली तेव्हा माद्रिदमध्ये. एकीकडं बघून दुसरीकडं पास द्यायची त्याची सवय पुढं सगळ्यांनी उचलली. बार्सिलोनाच्या चावीला (Xavi) मी प्लेमेकर मानतो, पण तो तबल्याच्या ठेक्यासारखा, आक्रमण त्याच्यावर उभं राहायचं. बेल्जियमचा डी ब्रॉयना थोर आहे. झिदानबद्दल पुन्हा कधीतरी, त्याला वेगळी संध्याकाळ लागेल.

झिको माझ्या मनात इतका वर असण्यामागं थोडा शेजारधर्मही आहे. 2014 ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली आणि हा माणूस एफसी गोवाचा प्रशिक्षक म्हणून चक्क मडगावात आला, तीन मोसम राहिला. 20 डिसेंबर 2015 ला तिथल्याच फातोर्डा स्टेडियमवर चेन्नईयिनविरुद्ध फायनल होती, आम्ही तिघं कोल्हापूरहून एसटीनं गेलो. स्टँडवरून तो करंगळीएवढा दिसत होता. 87 व्या मिनिटाला गोवा 2-1 नं पुढं गेलं आणि माझ्या शेजारचे काका उठून नाचायला लागले. मग नव्वदाव्या मिनिटाला गोव्याच्याच गोलकीपरच्या नावावर स्वयंगोल, आणि लगेच भरपाईच्या वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाचा तिसरा. काका खाली बसले. मी सामना सोडून लांबवर त्या करंगळीएवढ्या आकृतीकडं बघत राहिलो. मनात माडीवरची ती रात्र, आणि माठाचं झाकण ठेवल्याचा आवाज.

परवा भाची आली होती. ती तिच्या कॉलेजच्या मुलींच्या संघात मधल्या फळीत आठ नंबरला खेळते, आणि तिच्या मते जगातली सगळ्यात मोठी प्लेमेकर स्पेनची आइताना बोनमाती, विषय संपला. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर तीनदा मिळवलेल्या बाईवर मी काय बोलणार? तरी तिनं विचारलं, "मामा, तुझा तो झिको दाखव की." मी 86 चा सामना लावला आणि गडबडीत थेट पेनल्टीवरच आलो. बॅट्सनं चेंडू अडवला. तिनं माझ्याकडं बघितलं.

"हा?"

मी व्हिडिओ थोडा मागं ओढला. "आता ब्रँकोकडं बघू नकोस. ह्याच्याकडं बघ, चेंडू यायच्या आधी."

तिनं बघितलं. मग मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच पुन्हा मागं नेला.