तुम्ही विचारलंत म्हणून : व्हॅनची घडीची शिडी

बाजारात ॲल्युमिनियमची सरकती शिडी तयार मिळत असताना मी व्हॅनसाठी लाकडाची घडीची शिडी घरी का केली, हे जवळजवळ प्रत्येक मुक्कामावर कोणीतरी विचारतेच. सोलापुरात उन्हाळ्यात गच्चीवर झोपत वाढलेल्या माणसाला व्हॅनच्या टपावरचा फळ्यांचा ओटा ही गच्चीच वाटते, आणि आमच्या त्या ओट्यावर सत्तरीची माझी आईही चढते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे गेला की दिवसभर उन्हात राहिलेला धातू संध्याकाळीही हाताला चटका देतो; लाकूड तसे पोळत नाही. मला एवढे कारण पुरेसे होते.

ओट्याची कड जमिनीपासून २२० सेंटिमीटर उंच आहे. शिडीचा पाया उंचीच्या एक चतुर्थांश, म्हणजे ५५ सेंटिमीटर, बाहेर ठेवला की साधारण ७५ अंशांचा सुरक्षित कोन मिळतो आणि शिडीची लांबी २२७ सेंटिमीटर भरते. २५ सेंटिमीटरच्या अंतराने आठ पायऱ्या बसवल्या, त्यामुळे घडीचा सांधा चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या बरोबर मधे आला. जुन्या चौकटीचे सागवान वापरले आणि दांड्यांना एक-एक सेंटिमीटर खोल खाचा पाडून पायऱ्या त्यांत बसवल्या, कारण माणसाचे वजन स्क्रूवर नव्हे, लाकडावर यायला हवे.

खरा प्रश्न सांध्याचा होता, आणि तिथे मी पहिल्यांदा चुकलो. बिजागऱ्या चढणाऱ्याच्या बाजूला लावल्या. सोयीच्या वाटल्या म्हणून लावल्या, विचार करून नव्हे. तिसऱ्या पायरीवरून चौथीवर पाय टाकताच शिडी मधोमध गाडीच्या दिशेने दुमडली. मी अलगद खाली आलो, पण माझ्या जागी आई असती तर, हा विचार त्या रात्री डोक्यातून गेला नाही. वजन पडले की तिरक्या शिडीचा मधला भाग खाली, गाडीकडे, झुकू पाहतो, म्हणून दांड्याची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. बिजागरी त्या ताणाच्या, म्हणजे गाडीकडच्या, बाजूला लावली तर दोन्ही तुकड्यांची टोके वरच्या बाजूस एकमेकांवर घट्ट दाबली जातात आणि वजन जितके वाढेल तितका सांधा पक्का बसतो. बिजागरी मात्र आरपार नट-बोल्टने आवळावी, कारण तो ताण साध्या स्क्रूला लाकडातून उपसून काढू शकतो. उचलताना सांधा उलटा उघडू नये म्हणून वरच्या बाजूला कडी आहे.

लाकडाला जवसाचे तेल दिले. (तेलाचे बोळे ढिगाने टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.) दांड्यांच्या टोकांना जुन्या टायरचे रबर ठोकले, आणि घडी केलेली शिडी सोलापुरी चादरीत गुंडाळून सीटमागे ठेवतो, म्हणजे ती खडखडत नाही.

कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि नट सैल पडतात. म्हणून प्रत्येक मुक्कामावर पान्याने ते तपासून, आधी मी स्वतः चौथ्या आणि पाचव्या पायरीवर उभा राहतो, आणि मगच आईला हाक मारतो.