पोट आणि उतरते खांदे: सूट शिवून घेतानाचा माझा अनुभव

उंची पाच फूट चार इंच, खांदे उतरते, पोट सुटलेलं. पुतणीच्या लग्नासाठी आधी तयार कोट घालून पाहिले. पोटाला बसणारा घेतला की खांदे दंडावर लोंबायचे. खांद्याला बसणारा घेतला की बटणापाशी फुलीसारख्या चुण्या. शेवटी मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या मास्तरांकडे गेलो. सोबत तीन मीटर गडद निळं कापड.

टेप हातात घेण्याआधी त्यांनी मला नुसतं उभं केलं. "साहेब, पोट आत ओढू नका. रोज उभे राहता तसे राहा, नाहीतर माप चुकेल." मग खांद्यांवरून हात फिरवला. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली निघाला. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मला हवा होता डबल ब्रेस्ट, म्हणजे पुढचे दोन्ही भाग एकमेकांवर येणारा, बटणांच्या दोन रांगांचा कोट. मास्तरांनी समजावलं की त्यात पोटावर कापडाचा दुहेरी थर येतो, माणूस आणखी रुंद दिसतो. दोन बटणांचा घ्या, म्हणजे छातीवरचा व्ही लांब दिसेल, वरचं बटण बेंबीच्या जरा वर ठेवू. माझा भाचा सहा फुटी, काटकुळा. त्याला मात्र त्यांनी डबल ब्रेस्टच सुचवला आणि तो त्याला खरंच शोभला. पँटसाठी एकच अट: पट्टा पोटाखाली नको, कंबरेवरच. खाली सरकला की पाय आखूड दिसतात.

खरं काम कच्च्या ट्रायलला झालं. पांढऱ्या दोऱ्याचे लांब टाके, एकच बाही, अस्तर नाही. मास्तर मागून म्हणाले, "मानेशी कॉलर सुटतोय." बाही उसवली, पाठीवर खडूने रेघ ओढली, उजव्या खांद्यात जरा जाड पॅड घालायचं ठरलं. पाठीला मधला कट होता तो बदलून दोन्ही बाजूंना कट दिले, कारण खिशात हात घातला की मागचं कापड फाकत होतं. सूट शिवून घेणाऱ्याने ही ट्रायल कधीच टाळू नये, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

शेवटच्या ट्रायलला त्यांनी पाठीमागे हातआरसा धरला. कोटाची कॉलर मानेला चिकटून, वर शर्टाची अर्धा इंच पांढरी पट्टी, दोन्ही खांदे एका रेषेत. मी कोट काढायला बराच वेळ लावला.