सूर्य मावळायच्या आत

सारियाहून सांतियागो साधारण ११५ किलोमीटर. वायव्य स्पेनच्या गॅलिशियातली ही वाट मी आणि दादा जूनमध्ये पाच दिवसांत चाललो. येशूचा शिष्य प्रेषित याकोब याची कबर सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये आहे असं परंपरा मानते. मध्ययुगापासून माणसं तिकडे पायी जातात.

दुसऱ्या सकाळी, पोर्तोमारिन सोडल्यावरच्या चढावर, दादा एकदम म्हणाला, "बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा तू होतास कुठे?" उत्तर जिभेवर आलंच होतं. खोचक होतं, पण खोटं नव्हतं. खरं उत्तर गिळणं फार जड जातं.

त्या वाटेवर ठिकठिकाणी शिंपल्याचं चिन्ह असलेले दगड आहेत, सांतियागो किती उरलं ते सांगणारे. पुढचा दगड येईपर्यंत बोलायचं नाही, असं मी ठरवलं. श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता', सोडताना 'मज पाप्यावर दया कर'. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत ही प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे. दगड आला, राग तसाच. आणखी एक दगड. तिसऱ्याशी पोचेपर्यंत दादाचं तेच वाक्य मला वेगळं ऐकू आलं. आरोप होताच, पण त्याहून जास्त थकवा होता. त्या महिन्यांत तो एकटा होता.

घरी मी गप्प बसायचो, ते मनात हिशेब मांडत. त्यालाच संयम समजायचो. बायबलमध्ये पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाची, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांची, सुरुवात प्रीतीने होते आणि इंद्रियदमन अगदी शेवटी येतं. मी शेवटचं तेवढं उचललं होतं. पेत्र येशूविषयी लिहितो, की निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही. यथार्थ न्याय करणाऱ्याच्या हाती स्वतःला सोपवलं. सोपवणं मला कधी जमलंच नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी, आर्सुआच्या मुक्कामी, मी घसरलो. दादाने माझे वाळत घातलेले मोजे हलवले, एवढंच निमित्त. आदल्या दिवशी गिळलेलं उत्तर सगळ्यांसमोर बाहेर पडलं. तो काही न बोलता निघून गेला.

सूर्य मावळेपर्यंत रागात राहू नका, असं इफिसकरांस पत्रात आहे. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो. खोलीतले दिवे बंद झाले, तरी खिडकीत उजेड होता. दादा खालच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"दादा, चुकलं माझं."

तो बोलला नाही. पाय आखडून घेत त्याने मला बसायला जागा केली.