स्मरणिकेची फाइल उघडते, पण वाचता येत नाही

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक, कागद टिकला असेल तर, आजही सरळ वाचता येतं. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या एखाद्या मंडळाची २००२ची स्मरणिका मात्र संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. त्या काळच्या डीटीपीत, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या कामात, मराठी अक्षरं साठवलीच जात नसत. साठवल्या जात रोमन अक्षरांच्या जागा. त्यांवर देवनागरीचं चित्र चढवायचं काम फाँटचं. फाँट गेला, मजकूर गेला.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात देवनागरीला १९९१पासून स्वतःच्या १२८ जागा आहेत. पण पानं जुळवण्याच्या पेजमेकर या प्रोग्रॅमला युनिकोड कळत नसे, म्हणून छपाईवाले जुन्याच फाँटांना चिकटून राहिले.

असा मजकूर सोडवायचा तर आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि फाँटचं नेमकं नाव पाहा. ‘श्रीलिपी’ एवढं पुरत नाही, त्या फाँटसंचात अनेक प्रकार आहेत आणि चुकीचा निवडला तर अक्षरं बदलतात. मग एकच परिच्छेद रूपांतरकात, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकून असे तीन शब्द तपासा: स्थिती, विद्यार्थी, दुसऱ्या. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रूपांतरकाला ती जोडाक्षराच्या पलीकडे नेता आली नाही की ‘स्िथती’ होतं. रफाराचं याच्या उलट: तो नंतर टंकलेला असतो, त्याला अक्षराच्या आधी आणावं लागतं. आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं तर शोधून बदला. इथे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ लागतो. मधले इंग्रजी शब्द आधीच वेगळे काढून ठेवा, नाहीतर रूपांतरक त्यांचीही देवनागरी खिचडी करतो.

सगळ्यात छुपी चूक ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत. दिसायला दोन्ही सारखीच, पण संगणकाच्या लेखी वेगळी. त्यामुळे ‘ॲड.’ शोधलं तर जुन्या पद्धतीनं लिहिलेले वकील सापडतीलच असं नाही. सरसकट बदलून घ्या.

नोटीस फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायची सवय तर मला सर्वांत खर्चिक वाटते. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ‘ठाणे’ १२ बाइट आणि ३०० शब्दांची नोटीस साधारण ६ केबी. फोटो त्याच्या कितीतरी पट जड, शिवाय त्यातला मजकूर सहज निवडता येत नाही आणि अंध वाचकाला पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तर तो सहसा वाचता येत नाही. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यात कितीही डेटा सेंटरं उभी राहोत, शोधयंत्रं आणि नवी भाषा-मॉडेलं मुख्यतः मजकुरावरच चालतात.

वेबवर पान चढवताना त्याच्या एचटीएमएल कोडमध्ये भाषेची खूण ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) ठेवा. हिंदीची खूण (hi) राहून गेली तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात.