आमची वाटचाल : दोन पोत्यांपासून

दिवाळी झाली की मारवाडातले रायका मेंढपाळ कळप घेऊन माळव्यात उतरतात. शेतकरी त्यांची मेंढरं रात्रीची शेतात बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतात. कोकरं खाटकाकडे जातात. लोकरीला मात्र कोणी विचारत नाही. २०११ साली मी पहिली दोन पोती मागितली तेव्हा मेंढपाळ हसला, "ले जाओ, बाईजी." मला काही वाटलं नाही. मल्हाररावांच्या इंदुरात धनगराच्या लेकीनं लोकर घ्यायला लाज कसली?

माझं माहेर सांगोल्याकडचं. आजीला चातीवर सूत काढताना लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे सगळं येतं असा भ्रम होता. इंदुरात रामबागेतल्या आमच्या गच्चीवर उकळत्या पाण्यात सोडा घालून लोकर भिजवली आणि धोपाटण्यानं मनसोक्त बडवली. संध्याकाळी बघते तर जाड, घट्ट लादी झालेली, बोटानं एक धागा सुटेना. फोनवर आजी म्हणाली, "अगं, धुतलंस कसलं, जेन केलंस की!" लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. ओली, गरम लोकर रगडली की ते एकमेकांत अडकतात. जेन म्हणजे न विणता, लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण. कारागीर पायांनी तुडवून ते करतात ते याच जोरावर. तेव्हापासून आम्ही कोमट पाणी आणि रिठे वापरतो. लोकर नुसती बुचकळायची, चोळायची नाही.

सूत सांगोल्याला जायचं आणि तिथले सणगर विणकर खड्डामागावर घोंगड्या विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ, त्यामुळे नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ. एका मोठ्या दुकानानं ४० घोंगड्या टोचतात म्हणून परत पाठवल्या. राग आला, पण टोचत होत्या हे खरं. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा धागा २४ मायक्रॉनच्या आतला. आमची लोकर त्याहून जाड, केसाळ. ही अंथरायची लोकर, अंगात घालायची नव्हे, हे कळायला तो फटका बसावा लागला. त्यात पावसाळ्यात ११ घोंगड्यांना कसर लागली. आता माल कडक उन्हात वाळवून, वेखंडाचे तुकडे घालूनच ठेवतो.

सध्या आसनं आणि जेन जास्त खपतात. कातरणीआधी मेंढरं ओढ्यात धुतली, तर किलोमागे चार रुपये जास्त देतो. तो हसणारा मेंढपाळ यंदा काळी वेगळी, पांढरी वेगळी अशी पोती बांधून बसला होता. भाव त्यानंच सांगितला.