युकुलेली बेस आणि बॅटरीवरचा अँप: खर्ज ऐकू येऊ लागला

माझा युकुलेली बेस (युकुलेलीसारखा छोटा, पण बेस गिटारच्या खालच्या स्वरांचा) बॅटरीवरच्या छोट्या अँपमधून नीट ऐकू येत नव्हता. आता येतो, आणि त्यासाठी अँप बदललेला नाही. तीन वॉट, पाच इंची स्पीकर, सहा एए सेल. बेस आणि अँप एकाच खेपेत उचलून नेता आले पाहिजेत आणि चार-पाच युकुलेलींच्या घोळक्यात खर्ज कळला पाहिजे, या दोनच अटी ठेवल्या होत्या. पहिली सहज जमते. दुसरी आता कुठे जमू लागली आहे.

सगळ्यात मोठा फरक बफरने, म्हणजे पिकअप आणि अँपच्या मध्ये बसणाऱ्या छोट्या सर्किटने, पडला. माझ्या बेसमध्ये साधा पिएझो पिकअप (कंपनांचा विद्युत सिग्नल करणारा तुकडा) आहे, आत प्रीअँप (तो सिग्नल अँपआधीच सावरणारं सर्किट) नाही. असा पिकअप अँपला थेट जोडला की पिकअपचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि अँपचा इनपुट रोध मिळून खालचे स्वर गाळून टाकतात. कपॅसिटन्स 1 नॅनोफॅरड धरला, तर 1 मेगाओहम इनपुटवर ही गाळणी सुमारे 160 हर्ट्झपासूनच खाली लागू होते. बेसची मोकळी ई तार आहे 41 हर्ट्झची! म्हणजे बेसचा गाभाच स्पीकरपर्यंत पोहोचत नव्हता आणि मी बेसचं बटण पिळत बसलो असतो तरी उपयोग नव्हता. मध्ये 10 मेगाओहम इनपुटचा एका जेफेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर टाकल्यावर ती सीमा 16 हर्ट्झवर गेली. 9 व्होल्टची एक बॅटरी त्याला पुरते. पिएझोवाल्या प्रत्येकाने, अँपचा विचार करण्याआधी, हे करून बघावं असं मी आग्रहाने सांगेन.

एवढं केल्यावर स्पीकर धापा टाकू लागला. तेही साहजिक आहे. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं, आणि पाच इंची पडद्याकडे तेवढी जागा नसते. म्हणून बफरनंतर 70 हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर, म्हणजे त्या सीमेखालचे स्वर कापणारी गाळणी, लावला. आधी मुद्दाम वाचवलेला तळ नंतर कापायचा हे विचित्र वाटेल, पण इथे किती कापायचं ते आपल्या हातात राहतं. पडद्याची फुकट हालचाल थांबली, आवाज आणखी वाढवता आला आणि ई तारेचा स्वर तरीही ई म्हणूनच ऐकू येतो, कारण वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ स्वरासोबत वाजणारे, त्याच्या पटीतले वरचे स्वर) कान मूळ स्वर भरून काढतो.

वादनातही एक बदल केला, आणि तो मला फार आवडला आहे. जीसीईए ट्यूनिंगच्या, वरचा जी असलेल्या युकुलेलीचा सगळ्यात खालचा स्वर म्हणजे सी, 262 हर्ट्झ. त्याखाली सगळं मैदान मोकळं. मग मोकळ्या ई तारेऐवजी डी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा ई घेतला, 82 हर्ट्झचा, तरी तो सगळ्या युकुलेलींच्या पुष्कळ खालीच बसतो आणि छोट्या स्पीकरला तो झेपतो. सी, एफ, जी या कॉर्डच्या साखळीत सी घ्यायचा ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (65 हर्ट्झ) किंवा जी तारेच्या पाचव्या फ्रेटवर (131). घोळका मोठा असेल तर मी दुसरा घेतो.

अँप स्टँडवर नको. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून ठेवला की खर्ज ठळकपणे वाढतो, फुकटात. आणि बेस व युकुलेली एकाच छोट्या स्पीकरमधून काढू नयेत. बेसने पडदा हलला की युकुलेलीचा सूरही त्याबरोबर थरथरतो.

सेलचं थोडक्यात: चार्ज होणारे सहा सेल मिळून 7.2 व्होल्ट देतात, अल्कलाइन 9. माझ्या अँपवर आवाज जोरात असताना हा फरक कळतो. सरावाला चार्जवाले, घोळक्यात अल्कलाइन.

तारा अजून पॉलियुरेथेनच्याच आहेत. जाड, रबरासारख्या, नव्या असताना खूप ताणणाऱ्या. बोटं चिकटतात म्हणून थोडी टाल्कम पावडर लागते. त्यांचा गोल, पटकन विरणारा स्वर मला हवासा वाटतो, पण छोट्या स्पीकरला लागणारे वरचे हार्मोनिक्स त्यांत कमी. पुढचं काम तेच: धातूचं वेटोळं असलेल्या तारा चढवून, हाच बफर आणि हाच फिल्टर ठेवून, पुन्हा घोळक्यात वाजवून बघणार आहे. नटच्या (मानेच्या टोकाला तारा धरणारी पट्टी) खाचा त्या तारांना रुंद पडतील, तेव्हा बहुधा आधी नट बदलावा लागेल.