मार्सेलिसच्या उडीआधीचे बो स्ट्रीट

लंडनला आलेले मराठी पाहुणे हायगेटला इंडिया हाऊसवरची सावरकरांच्या नावाची पाटी आवर्जून पाहतात. बो स्ट्रीटकडे सहसा कुणाची पावले वळत नाहीत. तिथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या इमारतीत आता हॉटेल आहे, पण सावरकरांना हिंदुस्थानात पाठवण्याचा हुकूम मे १९१०मध्ये तिथेच झाला. मार्सेलिसची उडी आपल्याला पाठ असते; ज्या कायद्याने ती वेळ आणली तोही वाचायला हवा.

तो १८८१चा फरारी गुन्हेगार कायदा. परक्या देशाने आरोपी मागितला तर १८७०चा प्रत्यार्पण कायदा लागे, आणि राजकीय गुन्ह्यासाठी कुणाला सोपवता येत नसे. वसाहतीने मागितला तर ही ढाल गायब. साम्राज्य म्हणजे एकच घर, मग या खोलीतून त्या खोलीत नेण्याला प्रत्यार्पण कशाला म्हणायचे, असा हिशेब! मुंबईच्या वॉरंटवर लंडनमध्ये मंजुरीची सही, मग अटक, आणि गुन्हा याच माणसाने केला असावा असे बळकट अनुमान पुराव्यावरून निघाले की कोठडी. पुढे १५ दिवस थांबायचे, तेवढ्यात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे कोठडी बेकायदा आहे म्हणून सुटकेचा, अर्ज करता येई. मागणाऱ्या वसाहतीत त्या गुन्ह्याला १२ महिने किंवा अधिक सक्तमजुरी असली की पुरे. इंग्लंडमध्ये तो गुन्हा नसला तरी चाले. कलम १० ही एकच फट होती: मागणी प्रामाणिक नसेल किंवा पाठवणे अन्यायाचे ठरणार असेल तर वरिष्ठ न्यायालय सुटका करू शके. सावरकरांच्या वकिलांनी तीही ठोठावून पाहिली. अपील न्यायालयाने नकार दिला.

भारताने हे जोखड लवकर टाकले. १९५४मध्ये मेनन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रजासत्ताकात हा कायदा चालणार नाही. १९६२मध्ये आपला प्रत्यार्पण कायदा आला. ब्रिटनला मात्र जाग यायला १९६३ उजाडले. अँथनी एनाहोरो या विरोधी नेत्याला याच कायद्याखाली स्वतंत्र नायजेरियाच्या हवाली केले गेले, संसदेत गदारोळ झाला, आणि १९६७च्या नव्या कायद्यात राजकीय गुन्ह्याचा अपवाद आला. तब्बल ८६ वर्षांनी.

आज भारताची मागणी ब्रिटनच्या २००३च्या कायद्याखाली वेस्टमिन्स्टरच्या न्यायाधीशांपुढे जाते. ते कृत्य दोन्हीकडे गुन्हा आहे का, प्रथमदर्शनी पुरावा आहे का आणि मानवी हक्कांना बाधा येते का, हे तिथे तपासतात. मल्ल्या प्रकरणात आर्थर रोड तुरुंगातली बराकही तपासली गेली. एक बदल फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘गुन्हा राजकीय आहे’ ही ढाल या कायद्यात उरलेली नाही, आणि १९९२च्या भारत-ब्रिटन करारातही खून, स्फोटके अशा गुन्ह्यांना ती मिळत नाही. न्यायाधीश आता विचारतात ते वेगळेच: या माणसाला त्याच्या राजकीय मतांसाठी शिक्षा करायची म्हणून तर मागत नाही ना?